एक तारीख, दोन लढे

येत्या १ मेला शाळेत, ग्रामपंचायतीत झेंडावंदन होईल. या एकाच तारखेला दोन मोठ्या गोष्टी घडल्या.

पहिली १८८६ सालची, अमेरिकेतली. तिथले कामगार रोज दहा-दहा, बारा-बारा तास राबत. १ मेला त्यांनी संप केला. मागणी एकच, काम आठ तासच! शिकागो शहरात त्याचा मोठा जोर होता. पुढे हाच दिवस जगभर कामगार दिन झाला.

दुसरी आपली. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. त्या लढ्यात शंभरावर माणसांनी जीव दिला. मोर्च्यांत बायाही होत्या. आज आपलं मराठी राज्य आहे, ते त्यांच्यामुळे.

आणि आपले तास? पहाटेच्या चुलीपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत किती होतात, मोजा बरं! १ मेला बऱ्याच गावांत ग्रामसभा असते. तिच्याआधी महिला सभा घ्यावी, असा कायदाच आहे. गटानं मिळून जा. पाणी दारात आलं तर हंड्यामागचे किती तास वाचतील, ते सांगा. ठराव लिहून घ्या आणि वाचूनच सही करा.