डोंगरवाटेचें पादत्राण

पावसाळा सरला आणि दसरा-दिवाळी उरकली, म्हणजे पुण्याच्या तरुण मंडळींना सह्याद्रीचे वेध लागतात. शनिवारीं रात्रीं पाठीवर पिशवी टाकून निघावयाचें आणि रविवारीं सूर्योदयाला एखाद्या गडाच्या माचीवर उभें राहावयाचें, हा क्रम थेट वैशाखापर्यंत चालू असतो. या मंडळींना आणि त्यांच्या पालकांना उद्देशून आज चार शब्द बोलावयाचे आहेत. प्रश्न साधा आहे. उन्हाच्या, कोरड्या दिवसांत डोंगर चढणारानें पायांत काय घालावें?

विषय कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु गड उतरतांना टांचेला फोड आलेल्या मुलाला सोबत घेऊन ज्यानें चार तासांची वाट आठ तासांत काढली आहे, तो तसें म्हणणार नाहीं. एकाचा पाय अडला कीं सारी टोळी अडते. सकाळच्या गारव्यांत खालीं पोंचावयाची ती टोळी भर दुपारीं उघड्या सोंडेवर सांपडते. जवळचें पाणी संपतें. आणि मग साध्या फोडांतून उन्हाच्या झटक्याचें संकट उभें राहतें. शाळेच्या मुलांना घेऊन मीं पुष्कळ वर्षें गड पाहिले. त्या अनुभवावरून सांगतों, सहलीची तयारी शिदोरीपासून सुरू करूं नये, बुटापासून करावी.

आम्हां विश्रांतवाडीकरांना पायांची थोडीफार पारख आपोआप होते. दर वर्षीं ज्येष्ठ वद्यांत ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुण्यास जातांना आमच्या दारावरून जाते. हजारों पाय डोळ्यांपुढून जातात. बहुतेकांत साधी चप्पल, कांहीं तर अनवाणीच. वाटेंत चर्मकार बांधव वारकऱ्यांच्या तुटलेल्या वहाणा विनामूल्य शिवून देत बसलेले दिसतात. पंढरपूरपर्यंतची सुमारें २५० किलोमीटरांची वाट ही माणसें अशीं चालून जातात. तें पाहून कोणी म्हणतो, "बूट हें सारें थोतांड आहे, चप्पल पुरे." दुसऱ्या बाजूला दुकानांतील भारी बूट पाहून आलेला तरुण म्हणतो, "असे बूट असल्याशिवाय डोंगराला हात लावणें नाहीं." दोघेहि एक गोष्ट विसरतात. पादत्राण जमिनीप्रमाणें आणि ऋतूप्रमाणें निवडावयाचें असतें. पालखीची वाट सडकेची आहे, गडाची नाहीं. आणि ते उंच, जाड चामड्याचे बूट युरोपांतल्या थंड, ओल्या, बर्फाच्या डोंगरांसाठीं जन्मास आले आहेत. तेथें बाहेरचें पाणी आंत येऊं द्यावयाचें नसतें. आपल्याकडे कार्तिकापासून वैशाखापर्यंत आंतलें पाणी बाहेर जाऊं द्यावयाचें असतें. एवढें ध्यानांत घेतलें कीं बाकीची निवड सोपी होते.

प्रथम वजनाचें गणित करूं. जाड चामड्याचा उंच बूट एका पायामागें ७०० ग्रॅमच्या घरांत जातो. हलका, कापडी जाळीचा बूट ३५० ग्रॅममध्यें मिळतो. तासाला ४,००० पावलें धरलीं, तर प्रत्येक पाय २,००० वेळां उचलावा लागतो. म्हणजे ३५० ग्रॅमच्या फरकानें एका पायानें तासाभरांत ७०० किलो ओझें जास्त उचललें! शिवाय पायाला बांधलेलें वजन पाठीवरच्या वजनापेक्षां पुष्कळच महाग पडतें. १९६९ सालीं सूल व गोल्डमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, चालण्याच्या वेगाप्रमाणें पायांतला एक किलो वाहण्यास, स्वतःच्या अंगाचा एक किलो वाहण्यापेक्षां चार ते सहापट शक्ति लागते. आतकरवाडीहून सिंहगड चढावयाचा म्हणजे सुमारें ६०० मीटरांची उभी चढण. तेथें हा हिशेब मांड्यांना बरोबर कळतो.

दुसरी गोष्ट घामाची. दोन्ही पावलांत मिळून घामाच्या सुमारें अडीच लाख ग्रंथि आहेत. चैत्रांत पारा चाळिशीकडे झुकूं लागला आणि पायाखालचा काळा कातळ तापला, म्हणजे बंद बुटांत पाय अक्षरशः शिजतो. पूर्ण कोरडी कातडी मोज्यावर सहज घसरते; दमट कातडी चिकटते. ती मोज्याला चिकटली आणि आंतलें हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढें-मागें सरकलें, कीं कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्यें पाणी भरतें. हाच फोड. म्हणून बुटाच्या वरच्या भागांतून वारा खेळला पाहिजे. येथेंच 'वॉटरप्रूफ' या शब्दाचा मोह टाळावा. अशा बुटाच्या अस्तरांत एक पातळ पडदा असतो. तो पाण्याचा थेंब अडवितो व वाफ जाऊं देतो, हें खरें. परंतु आंतली हवा बाहेरच्यापेक्षां पुष्कळ उबदार व दमट असेल तरच ती वाफ झपाट्यानें बाहेर पडते. आपल्या उन्हांत बाहेरच भट्टी पेटलेली असते. जास्त पैसे देऊन आपण पायाला कोंडून मात्र घेतों. रंगहि शक्य तर फिकट घ्यावा. काळा बूट ऊन जास्त शोषतो.

मग जितकी मोठी जाळी तितकी चांगली काय? नाहीं. येथें सह्याद्री आपला हिसका दाखवितो. पावसाळ्यानंतर डोंगरउतारावरचें कुसळी गवत वाळतें आणि त्याचीं टोंकदार कुसळें मोठ्या छिद्रांच्या जाळींतून आंत शिरून मोज्यांत रुततात. तीं उपटण्यांत सारी विश्रांति जाते. मुरमाची बारीक धूळहि तशीच शिरते. यास्तव जाळी दाट विणीची असावी, आणि बोटांपुढें व टांचेभोंवतीं रबराची किंवा जाड कातड्याची पट्टी असावी. धोंड्यावर ठेंच लागली म्हणजे त्या पट्टीचें मोल समजतें.

सर्वांत अधिक लक्ष तळाकडे द्यावें. वरचा भाग पाय सुखी ठेवतो, तळ जीव राखतो. १९३५ सालीं इटलींतील गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांचे सहा सोबती आल्प्समध्यें थंडीवादळांत सांपडून मेले. पादत्राणें त्या वाटेला योग्य नव्हतीं, हें त्याचें एक कारण ब्रामानींच्या मनानें घेतलें. त्यांनीं पिरेली या टायर कंपनीच्या साहाय्यानें खोल खांचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. आपल्या मावळांतले धनगर टायर कापून केलेल्या वहाणा घालून कडे उतरतात, त्यांतहि हेंच तत्त्व आहे: रबर दगडाला धरतें. कोरड्या दिवसांतला आपला शत्रु म्हणजे घसारा, अर्थात् उतारावरचा सुटा मुरूम, आणि त्यावरचें वाळलेलें गवत. त्यासाठीं चार-पांच मिलिमीटर खोल, एकमेकींपासून सुट्या खांचा हव्यात. तळाला नख दाबून पाहावें. किंचित् दबला तर रबर ठीक. नख नुसतें घसरलें तर तो कठीण प्लॅस्टिकसारखा तळ कातळावरूनहि घसरेल. मऊ रबर लौकर झिजतें, पण गुडघे फुटण्यापेक्षां तें बरें.

घोट्यापर्यंतचा उंच बूट घेतल्यास पाय मुरगळत नाहीं, अशी समजूत आहे. १९९३ सालीं अमेरिकेंत बास्केटबॉलच्या ६२२ खेळाडूंवर उंच व बुटक्या बुटांची तुलना झाली, तींत मुरगळण्याच्या प्रमाणांत फरक आढळला नाहीं. डोंगर म्हणजे क्रीडांगण नव्हे, हें मान्य. तरी पाठीवर हलकी पिशवी घेऊन एक-दोन दिवस भटकणाराला घोट्याखालचा बूट पुरतो. घोटा बळकट होतो तो चालण्याच्या संवयीनें.

आतां माप. बूट संध्याकाळीं घ्यावा, कारण दिवसभरानें पाय थोडा सुजतो; डोंगरावरहि तो तसाच सुजणार. डोंगरावर घालावयाचे तेच मोजे घालून माप पाहावें. सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याएवढी जागा सुटावी. हें बोट प्रत्येकाचा अंगठाच असेल असें नाहीं. टांच मात्र जागची हलूं नये. दुकानांत उतरती फळी असल्यास तिच्यावरून, नाहींतर जिन्यावरून उतरून पाहावें; बोटें पुढें आपटलीं तर बूट परत करावा, नाहींतर गड उतरतां उतरतां नखें काळींनिळीं होतील. आपले पाय पुढें रुंद असतात. लहानपणीं अनवाणी वावरणाराचा पाय अधिक रुंद होतो, हें दक्षिण भारतांतील लोकांचे पाय मोजून २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. विलायती सांचा पुष्कळदां अरुंद असतो. तेव्हां नांव पाहून बूट घेऊं नका, पाय घालून घ्या. मोजे पातळ लोंकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे असावे. सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो. दुसरा जोड जवळ ठेवून दुपारीं बदलावा, आणि त्या वेळीं सुकतळा काढून वाऱ्यावर धरावा.

घरीं पडून असलेले जुने बूट काढणारांस एक इशारा. पुष्कळ बुटांच्या तळांत पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेंतल्या दमटपणानें तो वर्षानुवर्षें आंतून कुजतो, मग बूट वापरलेला असो वा नसो. दिसावयास नवा, आणि राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याकडे निघालें कीं मध्येंच तळ जबडा वासतो. त्या सोंडेवर सांवली थोडी आणि परतीची वाटहि लांब. म्हणून निघण्यापूर्वीं आठवडाभर रोज तेच बूट घालून चालावें, तळ दोन्ही हातांनीं वांकवून पाहावा, आणि पिशवींत बळकट दोरी असूं द्यावी.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एका वर्षीं माझ्या वर्गांतली एक चुणचुणीत मुलगी सिंहगडच्या सहलीच्या यादींत नांव घालीना. पुनःपुन्हां विचारल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, माझ्याजवळ ट्रेकिंगचे बूट नाहींत." तिच्याजवळ खो-खोसाठीं घेतलेले कापडी बूट होते. मीं ते पाहिले. रबरी तळ, खांचा शाबूत, माप बरोबर. त्याच बुटांवर ती गड चढली आणि उतरली. त्याच सहलींत एका मुलाला वडिलांनीं काटकसर करून महागडे, जाड बूट घेऊन दिले होते. त्याच्या दोन्ही टांचा उतरणीवर सोलून निघाल्या. वडिलांचें प्रेम खरें होतें, पण त्यांना बूट विकणारानें ऋतूची चौकशी केली नव्हती. रुळलेल्या वाटेच्या गडाला तिचे कापडी बूट पुरले. राजगड-तोरण्याला मीं ते पुरेसे म्हटले नसते. पण चांगल्या हलक्या बुटालाहि त्या भारी जोडाइतका पैसा लागत नाहीं.

पालकहो, तेव्हां मुलगा किंवा मुलगी बुटासाठीं हट्ट धरील, तेव्हां किंमत विचारण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा: कोणता गड, कोणता महिना, पाठीवर किती वजन? उत्तर "जवळचा गड, कोरडा महिना, हलकी पिशवी" असें आलें, तर हलका, दाट जाळीचा, पुढें रुंद आणि रबरी खांचांचा बूट घेऊन द्या व निर्धास्त असा. वांचलेल्या पैशांत पाण्याची मोठी बाटली आणि मोज्यांचा एक जोड येईल. आणि वर्गांत कोणी बुटांवांचून मागें राहत असेल, तर त्याचे खेळाचे बूट एकदां उलटे करून पाहा. सिंहगडाचें दार बहुधा त्यांतच उघडें असतें.