मिरचीचं झाड एका वर्षाचं नसतं



आज ज्या झाडाविषयी बोलायचं आहे, ते तुमच्यापैकी बहुतेकांच्या परसात उभं आहे. मोरीच्या पाण्यावर वाढलेलं, कमरेएवढं, हिरवंगार. कालवणाला फोडणी द्यायची वेळ झाली की घरातली बाई पोराला सांगते, "जा रे, दोन मिरच्या तोडून आण." पावसाच्या तोंडाशी हे रोप लावलं जातं, दसरा-दिवाळीला ते भरून येतं, आणि पौष-माघात पानं पिवळी पडू लागली, फुलं गळू लागली, की "झालं याचं" असं म्हणून ते उपटलं जातं. आसनगाव, शहापूर, मुरबाड या आपल्या भागात असं कित्येक घरी घडतं. मला सांगायचं आहे ते इतकंच, की त्या वेळी झाड संपलेलं नसतं. ते थंडीने थांबलेलं असतं.

मिरची ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यावर आणली. त्याआधी आपल्या जेवणातला तिखटपणा मिऱ्याचा होता, आणि मिऱ्यावरूनच या पाहुणीला आपण मिरची म्हणू लागलो. तिच्या मायदेशी, मेक्सिकोकडे, रानमिरचीचं झुडूप वर्षानुवर्षं जगतं. माणसाला जो तिखटपणा झोंबतो तो पाखरांना जाणवत नाही. ती फळं खातात आणि बी दूरवर टाकतात. आपल्या कुंपणात कुणी न लावता मिरची उगवते, ती याच वाटेने आलेली असते.

मग मिरची एका वर्षाची, ही समजूत कशी रुजली? १७५३ साली स्वीडनमधील लिनियस या शास्त्रज्ञाने वनस्पतींना नावं देणारा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आपल्या नेहमीच्या मिरचीचं नाव आहे 'कॅप्सिकम ॲन्युअम'. ॲन्युअम म्हणजे वार्षिक. युरोपच्या बागेत हे नाव अगदी खरं ठरतं. तिथे हिवाळ्यात पाणी गोठतं, आणि पानातलं पाणी गोठलं की मिरची एका रात्रीत काळी पडून मरते. पण आसनगावला पाणी कधी गोठत नाही. थंड मुलखात शोभणारं नाव आपल्या झाडाला चिकटलं आहे.

थंडीचा हिशेब नीट समजून घेऊ या. मिरचीला वीस ते तीस अंश सेल्सिअस उष्णता मानवते. रात्रीचा पारा पंधराच्या खाली गेला की फुलं गळतात, फळ धरत नाही. दहाच्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. शून्याला झाड मरतं. माहुलीच्या डोंगरावरून गार वारा उतरतो तेव्हा आपल्याकडे फुलं गळतात, हे खरं. पण थोड्याच आठवड्यांत ऊन तापतं आणि झाड पुन्हा फुटू पाहतं. नेमकं त्याच वेळी आपण ते उपटतो.

कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे गेलात तर गोष्ट वेगळी. निफाडच्या बाजूला काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. तिथे थंडीच्या रात्री मिरचीची कुंडी घरात घेणंच बरं. आणि आपल्याकडची जी कुटुंबं लंडनला, टोरांटोला जाऊन राहिली आहेत, त्यांनी तर ती घेतलीच पाहिजे. तिथले हौशी बागवान काय करतात ते पाहा. रात्री दहा अंशांकडे झुकू लागल्या की कुंडी आत आणायची. फळं काढून फांद्या कापायच्या आणि खोड वीत-दीड वीत ठेवायचं. पानामागचा मावा, पांढरी माशी धुऊन काढायची. मग कुंडी उजेडाच्या खिडकीशी ठेवायची. वरची माती बोटभर सुकेपर्यंत पाणी द्यायचं नाही, खतही नाही. सारी पानं झडली तरी घाबरायचं नाही. खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. उन्हाळा आला की त्याच जुन्या मुळांवर नवी फूट येते, आणि बियांपासून केलेल्या रोपाच्या आधी तिला मिरच्या लागतात.

हीच रीत आपण उचलायची आहे, फक्त पंचांग बदलून. आपल्याकडे मिरचीला मारणारे दोन ऋतू थंडीचे नाहीत. एक वैशाखाचा, दुसरा आषाढाचा.

वैशाखात पाणी नसतं. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं आपल्याच तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. बायकांच्या डोक्यावर हंडे असताना मी झाडाला पाणी घाला कसं म्हणू? म्हणून झाडाची गरजच कमी करायची. माघाच्या अखेरीस शेवटच्या मिरच्या काढा आणि धारदार कात्रीने फांद्या अर्ध्यावर कापा. पानं कमी झाली की पाणी कमी उडतं. बुंध्याभोवती भाताचा पेंढा किंवा वाळका पाला चार बोटं जाड पसरा, पण खोडाला टेकू देऊ नका. दुपारच्या उन्हाला एखादं जुनं पोतं आडवं बांधा. एवढं केलंत तर संध्याकाळी एक तांब्या पाणी पुष्कळ होतं. तेही तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं चालतं. साबणाचं आणि खारट पाणी मात्र नको.

आषाढात उलट संकट. आपल्याकडचा पाऊस बुंध्याशी साचला की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि उभं झाड एकाएकी कोमेजतं. तेव्हा परसातल्या झाडाला पावसाआधी मातीची भर द्या आणि पाणी निघून जायला चर काढा. झाड कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात असेल, तर डब्याला खाली चार भोकं पाडून तो पडवीच्या कडेला ठेवा. वळचणीची धार लागणार नाही पण उजेड मिळेल, अशी जागा हवी. परदेशात खिडकीचं जे काम, ते आपल्याकडे पडवीचं. जूनमध्ये ओंजळभर कुजलेलं शेणखत दिलंत की फूट जोमाने येते.

आता एक सावधगिरी. प्रत्येक झाड राखू नये. पानं वळली, बारीक झाली, चुरगळल्यासारखी दिसू लागली, तर तो चुरडा-मुरडा, म्हणजे आपला बोकड्या. फुलकिडे आणि कोळी यांनी रस शोषल्यामुळे पानं अशी होतात. त्यावर सुरुवातीलाच निंबोळीचा अर्क फवारला तर उपयोग होतो. पण पांढरी माशी जो विषाणू पसरवते त्याने झाड बाधलं असेल, तर ते बरं होत नाही. ते उपटून जाळावं. ज्यांचं मिरचीचं शेत आहे त्यांनी तर जुनी झाडं नव्या रोपवाटिकेजवळ मुळीच ठेवू नयेत. जुन्या झाडावरचा रोग नव्या रोपांवर जातो. शेतातलं पीक दरवर्षी नव्याने लावतात त्यामागे हे शहाणपण आहे. मी सांगतो आहे ते घरच्या दोन-चार निरोगी झाडांपुरतं. तीही फार वर्षं नव्हे. दोन-तीन वर्षांनी फळ कमी झालं की त्याच झाडाच्या पिकल्या मिरचीचं बी धरावं.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेच्या ओसरीवर दोन डब्यांत एकाच वयाची दोन झाडं ठेवा. माघात एक कापा, दुसरं तसंच राहू द्या. दोघांना मापून सारखंच पाणी द्या. रोज सकाळी पारा किती, पानं किती, पहिलं फूल कधी, हे मुलांना वहीत लिहू द्या. सुट्टीत शाळेशेजारच्या दोन मुलांकडे पाण्याची पाळी सोपवा. जूनमध्ये शाळा भरेल तेव्हा पुस्तकातलं 'वार्षिक' आणि ओसरीवरचं झाड यांत कोण खरं, हे मुलं स्वतः सांगतील. पुस्तकातला शब्द तपासून पाहायची सवय त्यांना लागली, तर मिरच्यांपेक्षा ते पीक मोठं.

घरची मिरची आटली की बाजारची आणावी लागते, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तिचा भाव काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा यंदा झाड पिवळं पडलं की उपटण्याआधी साल एकदा नखाने खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर त्याला एक तांब्या पाणी द्या.