कढीपत्त्याचं दुखणं

फुलपाखरं यावीत म्हणून कुंडीत कढीपत्ता लावला आणि तो आजारी दिसू लागला, तर आधी पान निरखावं. पांढरं काही दिसलं, तर फुंकर मारावी. उडालं तर आपल्या भिवंडीच्या यंत्रमागाचा कापूस. चिकटून राहिलं तर पिठ्या ढेकूण. तो ओल्या फडक्यानं पुसावा. पानं पिवळी आणि माती चिखल झाली असेल, तर पाणी थांबवून कुंडीचं छिद्र मोकळं करावं. पण कडा कुरतडलेल्या असतील, तर औषध फवारू नका. पक्ष्याची विष्ठा वाटते, ती फुलपाखराची अळी असते. वाढली की हिरवी होते. तिच्याच कुळातली राणी पाकोळी २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरली. रोप लहान असेल, तर अळी शेजारच्या मोठ्या कढीपत्त्यावर सोडा. पालवी पुन्हा फुटते.