गरुडांचे व्रत : कन्नड शिलालेखांतील वीरधर्म

बेंगळूरु शहरातील चामराजपेट हा भाग १८९२ साली वसविण्यात आला आणि म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर यांचे नाव त्यास देण्यात आले. जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेस आखीव रस्ते काढून केलेली ही या शहराची पहिली नियोजित वाढ होय. १९१५ साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेची वास्तू याच भागात आहे, आणि ती ज्या रस्त्यावर उभी आहे त्या रस्त्यास महाकवी पंपाचे नाव आहे. वीरधर्मासारख्या विषयाच्या विवेचनास याहून योग्य स्थळ सापडणे कठीण. कारण दहाव्या शतकातील हा कवी स्वतः योद्धा होता. वेमुलवाड्याच्या चालुक्य अरिकेसरीच्या पदरी राहून त्याने लेखणी आणि तलवार या दोहोंनी धन्याची सेवा केली.

इ. स. ९४१ च्या सुमारास पंपाने 'विक्रमार्जुनविजय' हे महाभारतकथेवरील काव्य रचिले. त्याचा नायक अर्जुन, आणि अर्जुनाच्या रूपाने स्तुती अरिकेसरीची. असे असूनही वाचकाच्या मनात घर करून राहतो तो कर्ण. आपण कुंतीचे पुत्र आहोत, पांडव आपले धाकटे भाऊ आहेत, हे कळल्यावरही तो दुर्योधनाचा पक्ष सोडीत नाही. त्याच्या या निष्ठेमागील भावनेस कन्नडमध्ये 'जोळदपाळि' असे नाव आहे. 'जोळ' म्हणजे जोंधळा आणि 'पाळि' म्हणजे बांधिलकी. ज्याच्या घरचा जोंधळा खाल्ला त्याचे ऋण प्राणाने फेडावयाचे. मराठी माणूस खाल्ल्या मिठाला जागतो. कन्नड वीर खाल्ल्या जोंधळ्याला जागत असे. धान्य बदलले तरी भाव एकच आहे.

मध्ययुगीन वीरव्रत म्हटले की सुशिक्षित वाचकास बहुधा युरोपातील सरदारांचे संघ आठवतात. जेरुसलेममध्ये १११९ च्या सुमारास निर्माण झालेला आणि १३१२ साली पोपच्या आज्ञेने विसर्जित झालेला टेम्पलरांचा संघ हे त्याचे ठळक उदाहरण. त्या संघाची लिखित नियमावली होती. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन शपथा होत्या. कथाकादंबऱ्यांनी अशा संघांना आणखी रंग चढविला. परंतु त्याच शतकांत दक्षिणेच्या पठारावरही शपथबद्ध वीरांचे वर्ग होते, त्यांची चिन्हे होती, आचार होते आणि व्रतभंगाची लाज होती, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. त्यांची नियमावली चर्मपत्रावर लिहिली गेली नाही. ती गावोगावच्या दगडांवर विखुरलेली आहे.

हे दगड वाचनात आणण्याचे मोठे कार्य बेंजामिन लुईस राइस यांनी केले. त्यांचा जन्म १८३७ साली बेंगळूरुतच झाला. म्हैसूर संस्थानातील हजारो लेख त्यांनी गोळा करविले आणि १८८६ पासून 'एपिग्राफिया कर्नाटिका' या ग्रंथमालेत ते प्रसिद्ध होत गेले. पंपाचे भारतकाव्यही १८९८ साली त्यांनीच छापून काढले. काव्य आणि शिलालेख एकाच अभ्यासकाच्या हातून प्रकाशात यावेत, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. कारण पंपाचा कर्ण समजावयाचा तर वीरगळ वाचावे लागतात, आणि वीरगळ समजावयाचे तर कर्ण आठवावा लागतो.

'वीरगळ' हा मराठीतील शब्द कन्नड 'वीरगल्लु' या शब्दावरून आला आहे. 'कल्लु' म्हणजे दगड. महाराष्ट्रातही देवळाच्या आवारात, गावाच्या वेशीवर असे दगड उभे दिसतात, आणि मुंबईच्या बोरिवलीजवळील एक्सर येथील वीरगळांवर तर नौकायुद्धाची शिल्पे आहेत. सामान्यतः वीरगळाचे तीन थर असतात. खालच्या थरात लढाई, मधल्या थरात वीरास वर नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या थरात शिवलिंगासमोर बसलेला वीर. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. चंद्रसूर्य असेपर्यंत ही कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. खालून वर वाचावयाचे हे दगडी पान होय.

अशा लेखांत मृत्यूची कारणे वारंवार तीच ती येतात. 'तुरुगोळ्' म्हणजे शत्रूने गाईगुरे वळवून नेणे. 'ऊरळिवु' म्हणजे गावाचा विध्वंस. 'पेण्बुय्यल्' म्हणजे स्त्रियांवरील संकट. या तीन प्रसंगी जो मागे हटेल तो वीर नव्हे, एवढा या धर्माचा पहिला नियम सांगता येतो. हा नियम केवळ राजाच्या सैनिकांपुरता नव्हता. गावचा गुराखी, शेतकरी, साधा सेवकही गुरे सोडवताना पडला तर त्याच्या नावे दगड उभा राहत असे. मरणाने मिळणारा हा मान जन्मावर अवलंबून नव्हता, हे या प्रथेचे एक मोठे वैशिष्ट्य आहे.

बेंगळूरुच्या दक्षिणेकडील बेगूर येथील सुमारे इ. स. ८९० चा लेख या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गंग राजांचा मांडलिक नागत्तर याच्या परिवारातील माणूस 'बेंगळूरु'च्या लढाईत मरण पावल्याचा उल्लेख त्यात आहे. शहराचे नाव इतक्या प्राचीन काळी आढळते ते राजाच्या दानपत्रात नव्हे, तर एका सेवकाच्या मृत्युलेखात. बेगूरच्याच दुसऱ्या एका मोठ्या शिलेवर खुद्द नागत्तराच्या मरणाची हकीकत आहे. तो हत्तीच्या झुंजीत पडल्यावर राजा एरेयप्पाने इरुग नावाच्या पुरुषास 'नागत्तर' हे पद दिले आणि बेगूरसह बारा गावे दिली. अशा दानास 'कल्नाडु' म्हणत. वीराच्या रक्ताबद्दल दिलेल्या जमिनीस 'नेत्तरुगोडगि' असेही नाव होते. 'नेत्तरु' म्हणजे रक्त. म्हणजे ऋण एकाच बाजूचे नव्हते. धन्याने अन्न द्यावे, सेवकाने प्राण द्यावा, आणि प्राण दिल्यावर धन्याने त्याच्या माणसांचा सांभाळ करावा, असा तो व्यवहार होता.

या व्यवहारातील मानाची कल्पना किती सूक्ष्म होती, हे मंड्य जिल्ह्यातील आतकूरच्या शिलालेखावरून कळते. इ. स. ९४९ च्या सुमारास तक्कोलम येथे राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि चोळ यांच्यात मोठे युद्ध झाले. कृष्णाच्या बाजूने लढणाऱ्या गंग राजा बूतुगाने चोळ राजपुत्र राजादित्य यास ठार केले. त्या युद्धात मणलेर नावाच्या वीराने पराक्रम गाजविला. बूतुगाने प्रसन्न होऊन त्यास हवे ते मागण्यास सांगितले. मणलेराने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. त्याने राजाचा 'काळि' नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे बेळतूरच्या डोंगरावर त्या कुत्र्याची एका मोठ्या रानडुकराशी झुंज झाली आणि दोघेही मेले. मणलेराने कुत्र्यासाठी देवळासमोर शिला उभारली, तिच्या पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्यास कुत्र्याचे पाप लागेल, असे त्या लेखात बजावले. मागे न हटता जो लढला तो वीर, मग तो मनुष्य असो वा श्वान, हा विचार येथे दगडावर कोरला गेला आहे. ही शिला पुढे बेंगळूरुच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आणण्यात आली.

येथवरचा वीरधर्म समजण्यास सोपा आहे. आजच्या मनासही तो पटतो. पुढची पायरी मात्र अवघड आहे. जोळवाळीच्या पलीकडे 'वेळेवाळी' नावाचे व्रत होते. 'वेळे' म्हणजे वेळ. ठरलेली वेळ येताच धन्याबरोबर प्राण देईन, अशी शपथ घेतलेला वीर तो वेळेवाळी. 'लेंक' हाही असाच शपथेने बांधलेला सेवक. गंग काळात 'कीळ्गुंटे' नावाचा प्रकार होता. मृत धन्याच्या खालच्या खड्ड्यात सेवकाने स्वतःस पुरून घ्यावयाचे. आणि होयसळांच्या काळी या सर्वांत श्रेष्ठ मानला गेलेला वर्ग म्हणजे 'गरुड'. गरुड हा विष्णूचा सेवक; राजा विष्णुस्थानी मानला की त्याचा अंगरक्षक आपोआपच गरुड ठरतो. विष्णूवाचून गरुडास जसे वेगळे अस्तित्व नाही, तसे राजावाचून या वीरांस जगणे नाही, असे मानले जाई.

या व्रताचे चिन्ह डाव्या पायात घातले जाई. गंडपेंडेर किंवा तोडर या नावांनी ते ओळखले जाते. मराठी वाचकास 'ब्रीदाचा तोडर' हा प्रयोग जुन्या ग्रंथांतून परिचित आहे. पायातील तोडर म्हणजे केवळ अलंकार नव्हे. तो जगजाहीर केलेला शब्द होय. तो ज्याने घातला त्यास शब्द मोडणे अशक्य होऊन बसे, कारण प्रत्येक पावलागणिक त्या शब्दाचा आवाज होत असे.

हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिराच्या दक्षिणेस या व्रताचा सर्वांत बोलका पुरावा उभा आहे. वीरबल्लाळ, म्हणजे दुसरा बल्लाळ, हा देवगिरीच्या यादवांशी झुंजलेला प्रबळ राजा. कुवर लक्ष्म हा त्याचा दंडनायक आणि गरुड. राजाने त्यास मुलासारखे वाढविले होते. १२२० साली राजा मरण पावल्यावर कुवर लक्ष्माने आपले व्रत पुरे केले. त्याच्याबरोबर त्याची पत्नी सुग्गलदेवी गेली आणि त्याच्याशी शपथेने बांधलेले सहस्र वीर गेले, असे तेथील स्तंभलेख सांगतो. स्तंभावर कोरलेली माणसे स्वतःच्या हातांनी स्वतःचेच अवयव आणि शिर कापीत आहेत. कृष्णराजपेट तालुक्यातील अग्रहार बाचहळ्ळी येथील तेराव्या शतकाचे स्तंभ तर एका घराण्याची परंपराच सांगतात. पिढ्यानपिढ्या त्या घराण्यातील पुरुषाने आपापल्या होयसळ राजाबरोबर प्राण दिले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या बायका, दासी आणि सेवकही गेले.

हा प्रकार केवळ कर्नाटकापुरता नव्हता. चोळांच्या पदरी वेळैक्कार नावाचे शपथबद्ध सैनिक होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्यावर आलेल्या मार्को पोलोने राजाच्या चितेत उडी घेणाऱ्या त्याच्या सोबत्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. जपानमध्ये धन्यामागून मरण्याच्या प्रथेस 'जुन्शी' म्हणत. तेथील शोगुनाच्या राजवटीने १६६३ साली तिच्यावर बंदी घातली. बंदीमागे व्यवहार होता. जुन्या धन्याबरोबर सर्वच निष्ठावंत निघून गेले, तर नव्या धन्याची सेवा कोणी करावी?

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. या मरणांपैकी किती स्वखुशीने पत्करलेली होती? कुवर लक्ष्माने शब्द दिला होता. तो त्याने पाळला. राजाने त्यास वाढविले, मान दिला, अधिकार दिला. त्या ऋणाची फेड त्याने स्वतः ठरविलेल्या किमतीने केली, असे म्हणता येईल. परंतु बाचहळ्ळीच्या घराण्यात जन्मलेल्या मुलाने कोणता शब्द दिला होता? बापाच्या, आजाच्या पायातील तोडर त्याच्या पायात येणार, हे त्याच्या जन्माआधीच ठरलेले होते. आणि त्याच्या घरातील दासींनी तर कोणाचा जोंधळा खाल्ला होता? त्यांचे ऋण राजाचे नव्हते. ज्याचे राजाशी ऋण होते त्याच्या घरची भाकरी त्यांच्या वाट्यास आली होती, एवढेच. निष्ठेची साखळी वरून खाली उतरत गेली, आणि प्रत्येक पायरीवर निवडीचे स्वातंत्र्य कमी होत गेले. वीरगळाशेजारी पुष्कळदा मास्तिकल, म्हणजे आपल्याकडील सतीशिळा, उभी असते. बांगड्या भरलेला एक उंचावलेला हात तिच्यावर असतो. त्या हाताच्या मागील मन काय म्हणत होते, हे दगडावर कोरलेले नाही. सहस्र वीरांपैकी बहुतेकांची नावेही नाहीत.

म्हणून या वीरधर्माकडे पाहताना दोन गोष्टी एकत्र धराव्या लागतात. गावची गुरे, गावची घरे, गावच्या स्त्रिया यांच्यासाठी जो उभा राहिला, त्याचे स्मरण समाजाने कृतज्ञतेने ठेवले. त्याच्या मागे राहिलेल्यांस जमीन दिली, त्याच्या कुत्र्यालाही पूजा लावून दिली. ही त्या धर्माची थोरवी होय. पण जेथे रक्षण करावयाचे कोणीच उरले नव्हते, जेथे राजा अंथरुणावर मरण पावला होता आणि शत्रू दाराशी नव्हता, तेथेही तोच शब्द माणसांचे प्राण मागत राहिला. रक्षणासाठी घेतलेली शपथ हळूहळू स्वतःसाठीच जगू लागली. मानाची कल्पना माणसाहून मोठी झाली की असे होते. मग ती कल्पना टेम्पलरांची असो, सामुराईंची असो वा गरुडांची.

होयसळांचे राज्य चौदाव्या शतकाच्या मध्यास संपले. 'गरुड' हा वर्ग इतिहासजमा झाला, 'वेळेवाळी' हा शब्द कोशात गेला. 'जोळदपाळि' मात्र पंपाच्या कर्णामुळे कन्नड वाचकाच्या मनात जिवंत राहिली. ती राहिली याचे कारण कदाचित हेच की कर्णापाशी निवड होती. कृष्णाने त्याच्यापुढे राज्य ठेवले होते, कुंतीने मातृत्व ठेवले होते. दोन्ही नाकारून तो खाल्ल्या अन्नाकडे वळला. निवड असते तेथेच निष्ठेला अर्थ येतो. नागत्तराच्या परिवारातील तो सेवक बेंगळूरुच्या लढाईत पडला त्यास अकराशेहून अधिक वर्षे झाली. आज याच नावाच्या महानगरात पंपाच्या नावाचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावरून जाणाऱ्या सामान्य माणसाच्या पायात तोडर नाही. दिलेला शब्द पाळावा की नाही, आणि कोणासाठी पाळावा, हे आता ज्याचे त्याला ठरवावे लागते. वीरगळावरील माणसांपैकी अनेकांस हा अधिकार मिळाला नव्हता. त्यांच्यापुढे नम्र होताना एवढी आठवण ठेवली, तर त्या दगडांचे वाचन पुरे झाले असे म्हणता येईल.