शेवटच्या नळाचा हिशेब

शहराच्या पाण्याचा नकाशा कधी पाहिलात, तर तो आडव्या झाडासारखा वाटेल. जलकुंभातून निघालेली मोठी वाहिनी हे खोड, तिच्या फांद्या, फाटे आणि टोकाला गल्लीतली बारीक नळी. दाब कुठे कमी पडेल, नवी वाहिनी कुठे टाकावी, हे आता या जाळ्याचे संगणकावर प्रारूप मांडून तपासता येते.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी १९३६ मध्ये असे जाळे कागदावर सोडवण्याची रीत दिली. हाताने आकडेमोड करायची, तर वाहिन्या मोजक्याच घेणे भाग होते. पुढे संगणक आले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये 'ईपॅनेट' ही संगणक-प्रणाली आणली. ती विनामूल्य मिळते. तरीही जाळे सोपे करून घेण्याची रीत टिकून आहे, कारण हजारो वाहिन्यांची खरी माहिती जमवणे कष्टाचे असते.

मग काय करतात? बारीक वाहिन्या वगळतात आणि तिथल्या घरांची मागणी जवळच्या मोठ्या वाहिनीवर टाकतात. एकापुढे एक असलेल्या दोन वाहिन्यांऐवजी, तेवढाच दाब खर्च करणारी एकच कल्पित वाहिनी धरतात. पंप केवढा हवा, हे ठरवायला बहुधा एवढे पुरते.

मात्र नळाला पाणी कसे येईल, असे विचारले की हे प्रारूप अपुरे पडते. वाहिनीचा व्यास निम्मा केला, तर तेवढेच पाणी नेताना दाबाची घट सुमारे २९ पट होते. गल्लीच्या तोंडाशी भरपूर दिसणारा दाब आतल्या नळीत संपून जाऊ शकतो. शिवाय बंद टोकाशी पाणी रेंगाळते आणि त्यातला क्लोरीन उतरत जातो. क्लोरीन घातलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन नळापाशी शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. प्रारूपातून ते टोकच गळले, तर तिथला हिशेब कसा लागणार?

आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळच येते. रिकामी वाहिनी भरण्यातच काही वेळ जातो. नेहमीचे प्रारूप मात्र ती कायम भरलेली धरते.

सोपे करण्यात गैर काही नाही. कशासाठी सोपे केले, ते आधी ठरायला हवे. तुमच्या गावात नवी पाणीयोजना मांडली जाईल, तेव्हा एवढे जरूर विचारा : 'आमची गल्ली या हिशेबात धरली आहे का?'