माहेरची पालखी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



‘परदेशी गेलेली आपली मुले’ या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे. मी मॅट्रिक झालेला एक निवृत्त शिक्षक; मुंबईपलीकडचे जग मी पाहिलेले नाही. म्हणून तिकडच्या बाजूविषयी न बोलता आपल्या घरच्या बाजूविषयी बोलेन.

वऱ्हाडातून परमुलखी गेलेली पहिली लेक कोण, असे विचाराल तर मी रुक्मिणीमातेचे नाव घेईन. अमरावती जिल्ह्यातील, वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर हे तिचे माहेर, अशी आपली पूर्वापार श्रद्धा. ती द्वारकेस गेली, पुढे पंढरीस राहिली. आजही दर आषाढीस कौंडण्यपुराहून तिची पालखी पंढरपुरास जाते. माहेर विसरू नकोस, असा उपदेश तिला कोणी करीत बसले नाही. माहेरच पायी चालत तिच्या दारी जाते.

जेथे माहेराहून अशी पालखी निघालीच नाही, तेथे काय घडले? मॉरिशस बेटात १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आपल्या देशातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांत रत्नागिरी-सातारा भागांतील मराठी माणसेही होती. आज त्यांच्या वंशजांच्या घरांत बहुधा क्रिओल भाषा चालते. तरीही गणेशचतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकविली जाते आणि कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या जुन्या नोंदी आहेत. कारकुनाने नाव जसे ऐकले तसे लिहिले. त्या वेड्यावाकड्या अक्षरांतून नातवंडे-पणतवंडे आपले मूळ गाव शोधतात. त्यांनी आपले टोक सोडले नाही. इकडचे टोक कोणी धरले होते काय?

१९४८ नंतर इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल बांधवांचेही तसेच. मलिद्याचा विधी त्यांनी तेथेही चालू ठेविला आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही काढले.

आता माझ्या घरची गोष्ट. ती सांगताना मला संकोच वाटतो. माझा नातू अमेरिकेत जन्मला. त्याची आजी रोज मोबाइलवर त्याचे तोंड पाहून त्याच्याशी बोले, आणि ती जे बोले तेच तो शिकला. दोन वर्षांपूर्वी तो पोळ्यास अकोल्याला आला. अंगणात पंचवीस-तीस आप्त जमले होते. बैलांपुढे नैवेद्य ठेविताना त्याने विचारले, “आजी, बैलाले पोयी काहून देते वं?” सारे अंगण खो-खो हसले. अमेरिकेचे पोर आणि वऱ्हाडी बोलते! हसणाऱ्यांत मीही होतो. बत्तीस वर्षे मुलांच्या वह्यांतील ‘काहून’ तांबड्या शाईने खोडून मी तेथे ‘का’ लिहिले होते. ती सवय इतक्यात थोडीच जाते! पोर गप्प झाले. तेव्हापासून ते आजीला इंग्रजीतच उत्तर देते. त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे मात्र त्या दिवशी कोणासच सुचले नाही.

आपल्या मंडळातही काय चालते? परदेशातून मुलगा आला की हार घालावयाचा, पगार विचारावयाचा आणि पावतीपुस्तक पुढे करावयाचे. देणगी अवश्य घ्यावी. वसतिगृहाचे छप्पर त्यावाचून होत नाही. पण त्याची मुले काय बोलतात, काय खातात, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

माझी सूचना लहानशीच आहे. या स्मरणिकेत दरवर्षी दोन पाने आपल्या घरच्या बोलीत असावीत: भुलाबाईची गाणी, गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची कृती, आजोळच्या गोष्टी. आणि ही प्रत बापाच्या नावे न धाडता त्या लेकराच्या नावे धाडावी. टपालखर्च मंडळाने सोसावा. पुस्तक आपल्या नावे आले, याचे मोल शाळेत मी पुष्कळदा पाहिले आहे.

मी स्वतः यंदा तान्ह्या पोळ्याच्या आधी सुताराकडून चाकांचा एक लाकडी बैल करून घेतला आणि नातवास पाठविला. सोबत चिठ्ठी घातली, “बापू, बैलाले पोयी याच्यासाठी देतेत, का तो वर्षभर आपल्या वावरात राबते.” बैल पोचल्याचे सूनबाईंनी कळविले आहे. नातवाचे उत्तर अद्याप आलेले नाही.