पिकअपची ताकद : हवेची वाट आणि धुराची वाट

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपल्याशी खताविषयी किंवा कीडरोगाविषयी बोलणार नाही. आपण पिकवलेला माल बाजारात पोहोचवणाऱ्या पिकअपविषयी बोलणार आहे. पूर्वी आंब्याच्या पेट्या बैलगाडीतून आणि एस.टी.च्या टपावरून जात. आता बहुतेक वाड्यांवर एक तरी पिकअप उभी दिसते. हंगामात ती रात्री-अपरात्री घाट चढते आणि तिच्या हौद्यात साऱ्या वर्षाची कमाई भरलेली असते. म्हणूनच 'गाडी ओढत नाही' अशी तक्रार सुरू झाली की आपला जीव खाली-वर होतो. मग कोणीतरी सुचवते, 'मोकळा सायलेन्सर लावा, उघडा फिल्टर बसवा, गाडी वाऱ्यासारखी पळेल.' या सल्ल्यात खरे किती आणि फसवे किती, ते आज पाहू.

घरचाच अनुभव

काही वर्षांपूर्वी आमचे दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, रत्नागिरीकडून आंबा घाटाने कोल्हापूरच्या बाजारात हापूस नेत असत. एका हंगामात गाडी घाटात दम टाकू लागली आणि काळा धूर सोडू लागली. दादांनी एका गॅरेजमध्ये मूळ फिल्टरची पेटी काढून त्या जागी उघडा फिल्टर बसवला, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला आणि पंपाचे डिझेलही वाढवून घेतले. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा गाडीत बसून म्हणालो, 'आवाज तर झकास आहे!' शेतकऱ्यांना यंत्रांची निगा शिकवणाऱ्या माणसाने फिल्टर कोठे बसवला आहे हे पाहिले नाही, याची मला आजही लाज वाटते.

बागेपासून डांबरी सडकेपर्यंतचा रस्ता जांभ्या मातीचा. एप्रिल-मे महिन्यांत तेथे घोटाभर लाल धूळ असते. पुढच्या हंगामापर्यंत गाडी इंजिन ऑइल पिऊ लागली, निळा धूर येऊ लागला आणि एका पहाटे ऐन घाटात, भरल्या गाडीनिशी, ती थांबली. दुसरे वाहन मिळेपर्यंत दुपार झाली आणि पिकत आलेला माल पडत्या भावाने द्यावा लागला. इंजिन उतरवल्यावर मिस्त्रींनी फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या नळीत बोट फिरवून आम्हाला दाखवले. बोट लाल झाले होते. जी धूळ बाहेर राहायची, ती वर्षभर पिस्टनपर्यंत जात होती. आणि मूळ दुखणे काय होते? टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीला क्लिपखाली चीर गेली होती आणि जुना फिल्टर धुळीने गच्च भरला होता. दोन्हींचा खर्च नव्या सायलेन्सरच्या पासंगालाही पुरला नसता.

इंजिनाला हवा किती लागते?

१ किलो डिझेल पुरते जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. १ लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम असते. म्हणजे १ लिटर डिझेलमागे सुमारे १२ किलो हवा झाली. मापात सांगायचे तर ती १० हजार लिटर, म्हणजे २०० लिटरची ५० पिंपे भरतील इतकी. ही किमान गरज आहे. डिझेल इंजिन प्रत्यक्षात याहून जास्त हवा घेते. एवढी हवा कच्च्या रस्त्यावरून ओढली जाते, तेव्हा तिच्याबरोबर किती धूळ येत असेल याचा विचार करावा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांमधील तेलाचा थर अवघ्या काही मायक्रॉनचा असतो. डोळ्यांना न दिसणारा वाळूचा कणसुद्धा तेथे कानशीसारखे काम करतो. म्हणून भरपूर हवा आत घेणे आणि ती स्वच्छ करून घेणे ही दोन्ही कामे एअर क्लीनरला एकाच वेळी करावी लागतात.

उघड्या फिल्टरविषयी

उघड्या फिल्टरमधून हवा थोडी सहज जाते हे खरे आहे. परंतु तो बॉनेटखाली, तापलेल्या इंजिनाशेजारी बसतो. गरम हवा विरळ असते. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान असताना बॉनेटखालची ६० अंशांची हवा इंजिनाने ओढली, तर तेवढ्याच मापात सुमारे ९ टक्के हवा कमी मिळते. मूळ पेटीची नळी पुढे बाहेरची गार हवा घेण्यासाठीच काढलेली असते. ती फेकून देणे म्हणजे विहिरीचे गार पाणी सोडून उन्हात तापलेल्या टाकीतले पिण्यासारखे आहे.

तेल लावून वापरावयाच्या फिल्टरलाही एक अडचण आहे. तेल जास्त झाले तर नव्या गाड्यांमध्ये हवा मोजणाऱ्या सेन्सरवर ते बसण्याचा संभव असतो आणि मोजमाप बिघडते. तेल कमी झाले तर धूळ आत जाते.

मोकळ्या सायलेन्सरविषयी

धुराची वाट अडली तर ताकद कमी होते, हे अगदी बरोबर. परंतु मूळ सायलेन्सर चांगल्या स्थितीत असेल तर तो इंजिनाच्या मापानेच दिलेला असतो. डिझेल इंजिनाची ताकद शेवटी त्यात किती डिझेल पुरते जळते यावर ठरते. पंप किंवा संगणक पूर्वीइतकेच डिझेल देत असेल, तर नुसती नळी रुंद करून हाती फारसे लागत नाही. आवाज वाढतो आणि आपल्याला गाडी जोरात आहे असा भास होतो. दादांना आणि मलाही तसाच भास झाला होता.

मग काही जण पंपाचे डिझेल वाढवतात. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर. त्याबरोबर धुराचे तापमान वाढते आणि पिस्टन व टर्बो यांचे आयुष्य घटते. तो काळा धूर म्हणजे आपण पंपावर पैसे मोजून घेतलेले डिझेलच होय.

धुराची भाषा

काळा धूर : हवा कमी किंवा डिझेल जास्त. फिल्टर, रबरी नळ्या व नोझल तपासावेत.
निळा धूर : इंजिन ऑइल जळत आहे. रिंगा, व्हॉल्व्ह किंवा टर्बो यांत दोष असू शकतो.
पांढरा धूर : सकाळी थंड इंजिनातून थोडा वेळ येणे स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

ताकद खरोखर कशी परत मिळवावी?

हंगामापूर्वी इंजिन बंद व थंड असताना पुढील कामे क्रमाने करावीत.

१. एअर क्लीनरची पेटी उघडावी. कागदी फिल्टर बाहेर काढून अंधारात त्याच्या आत दिवा धरावा. प्रकाशाचा ठिपका थेट दिसला तर कागद फाटला आहे असे समजून फिल्टर बदलावा. प्रकाश कोठूनच येत नसेल तर तो गच्च भरला आहे.

२. कागदी फिल्टर पाण्याने, साबणाने किंवा डिझेलने धुऊ नये; जोराने आपटूही नये. कंप्रेसरची हवा मारायची झाल्यास आतून बाहेर, कमी दाबाने (सुमारे २ बारपर्यंत) आणि नळीचे तोंड लांब धरून मारावी. पुन्हा पुन्हा साफ करण्यापेक्षा वेळेवर बदलणे स्वस्त पडते. कच्च्या रस्त्यावरील गाडीचा फिल्टर माहितीपुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या आधीच बदलावा लागतो.

३. फिल्टरचा रबरी काठ आणि पेटीच्या क्लिपा नीट बसल्या आहेत का पाहावे. नंतर इंजिनाकडच्या नळीत स्वच्छ बोट फिरवावे. बोटाला धूळ लागली तर फिल्टर कितीही चांगला दिसला तरी कोठेतरी चोरवाट आहे.

४. टर्बो आणि इंटरकूलर यांच्या रबरी नळ्या दाबून, वाकवून पाहाव्यात. चीर, तेलाचा ओघळ किंवा सैल क्लिप आढळल्यास दुरुस्त करावी. चढणीला शिट्टीसारखा आवाज, काळा धूर आणि कमी ओढ ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर प्रथम येथेच पाहावे.

५. इंटरकूलर व रेडिएटर यांच्या पात्यांतील चिखल, किडे व गवत हलक्या पाण्याने धुवावे. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात.

६. धुराची नळी मॅनिफोल्डपासून शेवटपर्यंत पाहावी. सांध्यावर काजळी असेल तर तेथून धूर गळतो. दगड लागून नळी चेपली असेल किंवा सायलेन्सर आतून गंजून खुळखुळत असेल तर त्याच मापाचा नवा बसवावा. पैसे खर्च करायचेच असतील तर ते येथे करावेत.

७. याबरोबर डिझेल फिल्टर, टायरमधील हवा, चिकटणारे ब्रेक आणि क्लच तपासावे. गाडी न ओढण्याचे कारण पुष्कळदा यांपैकी एखादे असते. आणि क्षमतेपेक्षा जास्त भार लादणे हे तर सर्वांत मोठे कारण. दोन खेपांचा माल एका खेपेत नेणाऱ्याची ताकदीबद्दलची तक्रार कोणताही सायलेन्सर मिटवू शकत नाही.

जुन्या ट्रॅक्टरला तेलाचा एअर क्लीनर असतो. त्यातील तेल खुणेपर्यंतच भरावे. जास्त भरल्यास ते इंजिनात ओढले जाऊन इंजिन आटोक्याबाहेर पळण्याचा धोका असतो.

जिवाची काळजी

ओढ्याला पूर आला असता गाडी पाण्यात घालू नये. हवेची नळी खाली आणून बसवली असेल तर धोका अधिक. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारू नये. ती ओढून बाहेर काढावी.

तापलेली गाडी वाळक्या गवतावर, पेंढ्यावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नये. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या नव्या गाड्या बी.एस. ६ मानकाच्या आहेत. त्यांतील अनेक डिझेल गाड्यांत काजळी धरून ठेवणारी जाळी असते. साठलेली काजळी गाडी चालू असताना जाळली जाते, तेव्हा आतील तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. जाळीचा दिवा लागल्यास माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या सडकेवर काही वेळ एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. ही जाळी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये.

बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंगही नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

कायद्याचीही जाणीव ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १९०(२) नुसार आवाज व धूर यांची मानके मोडणारे वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय ३ महिने परवानाही जातो. ऐन हंगामात परवाना गेला तर काय होईल, हे आपणास सांगावयास नको.

वहीत नोंद ठेवा

पिकाच्या खर्चाची वही आपण ठेवता, तशी गाडीचीही ठेवावी. टाकी गच्च भरून किलोमीटर लिहावेत. पुढच्या वेळी पुन्हा गच्च भरून, झालेल्या अंतराला भरलेल्या लिटरने भागावे. समजा गाडी महिन्याला १,२०० किलोमीटर चालते. लिटरला १२ किलोमीटर मिळाले तर १०० लिटर डिझेल लागेल. ११ मिळाले तर १०९ लिटर. महिन्याला ९ लिटरचा हा फरक कानाला ऐकू येत नाही, तो वहीतच दिसतो. कोणतीही दुरुस्ती केल्यावर गाडीच्या आवाजावर जाऊ नये, या आकड्यावर जावे.

बंधू-भगिनींनो, दादांची गाडी पुढे मूळ पेटी, मूळ मापाचा सायलेन्सर आणि नव्या रबरी नळ्या बसवून पुन्हा घाट चढू लागली. इंजिनाच्या कामात मात्र त्या हंगामाची बरीचशी कमाई गेली. आता दर हंगामापूर्वी दादा स्वतः पेटी उघडतात, नळीत बोट फिरवतात आणि ते बोट मला दाखवतात. आपणही घरी गेल्यावर एवढे एक काम करावे. बोट स्वच्छ निघाले तर निश्चिंतपणे माल भरावा. लाल किंवा काळे निघाले, तर घाट चढण्यापूर्वी गाडी मिस्त्रींना दाखवावी.